जुना बँड, नवा अल्बम : पहिल्यांदा ऐकताना काय वाटलं?

वर्षानुवर्षं ऐकत आलेल्या बँडचा नवा अल्बम पहिल्यांदा ऐकणं हा वेगळाच प्रकार आहे. नवख्या बँडचं गाणं आपण मोकळ्या कानांनी ऐकतो. आवडलं तर पुढचं लावतो, नाही आवडलं तर विसरून जातो. जुन्या बँडच्या बाबतीत असं होत नाही. कोणत्या ओळीआधी गायक श्वास घेतो, ड्रमर कुठे किंचित थांबतो, हे सगळं पाठ असतं, आणि तेवढं सगळं डोक्यात घेऊनच आपण नव्या गाण्यासमोर बसतो. माझं मत असं की पहिली काही मिनिटं कान नवं काही ऐकतच नाहीत, ते ओळखीचं शोधत असतात. आवाज तोच आहे ना? गिटार तशीच आहे ना? हा शोध संपला की मग गाणं सुरू होतं. तुमचा शोध कधी संपला, किंवा संपलाच नाही, हे मला ऐकायचं आहे. म्हणून हा धागा.

समीक्षा नको, दहापैकी किती गुण तेही नको. बँड बऱ्याच वर्षांचा असावा आणि अल्बम उतरत्या वयातला. पहिल्या ऐकण्यात काय कानावर पडलं, कुठे थबकलात, काय खटकलं ते लिहा. सुरुवात मी करते.

माझा बँड द क्युअर. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १ नोव्हेंबर २०२४ला आला. त्याआधीचा '४:१३ ड्रीम' २००८चा, म्हणजे मध्ये सोळा वर्षं गेली. इतका काळ 'येणार, येणार' ऐकून मी अपेक्षा धरणंच सोडून दिलं होतं. २०२२-२३च्या दौऱ्यात त्यांनी यातली काही गाणी मंचावर वाजवली होती, श्रोत्यांनी केलेली त्यांची रेकॉर्डिंग्ज फिरतही होती. मी ती मुद्दाम ऐकली नाहीत.

'अलोन'ने अल्बम सुरू होतो आणि तीन मिनिटांहून जास्त वेळ गायक रॉबर्ट स्मिथ गातच नाही. संथ, जड ड्रम्स, कीबोर्डचे एकावर एक चढणारे थर आणि त्यांच्या तळाशी सायमन गॅलपची बेस गिटार. इतकी लांब सुरुवात दुसऱ्या कोणी केली असती तर मी पुढे ढकलली असती. इथे मात्र मी जीव मुठीत धरून बसले होते, कारण प्रश्न एकच होता : आवाज कसा असेल? १९७९ साली पहिला अल्बम आणणारा हा माणूस तेव्हा पासष्टीचा होता. तो गायला लागला आणि आवाज जवळजवळ तसाच निघाला. तोच किंचित थरथरता, वरच्या पट्टीत जाऊन तुटेल की काय असं वाटायला लावणारा. पहिलीच ओळ साधारण अशा अर्थाची आहे की आपण गातो त्या प्रत्येक गाण्याचा हा शेवट. हायसं वाटलं आणि त्याच क्षणी पोटात खड्डाही पडला.

'डिसइंटिग्रेशन' १९८९चा. तो केला तेव्हा स्मिथ तिशीत पोचत होता आणि वय निसटून चाललंय ही भीती त्या गाण्यांत भरलेली आहे. मला तो अल्बम मिळाला तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे ती भीती मला नुसती सुंदर वाटायची. आता तेच दुःख परत आलंय, पण त्याला माणसं आहेत. मधल्या वर्षांत स्मिथचे आईवडील गेले, थोरला भाऊ गेला. 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' हे गाणं त्या भावावरचं आहे. पियानोची एक साधी, पुन्हा पुन्हा येणारी ओळ आहे आणि शब्द अगदी सरळ आहेत. त्याच्या जुन्या गाण्यांत प्रतिमांची दाटी असते, इथे ती बाजूला ठेवलेली दिसते. या गाण्यावर माझं ओळखीचं शोधणं थांबलं.

खटकलं तेही सांगते. 'ड्रोन:नोड्रोन' मला पहिल्यांदा अजिबात झेपलं नाही. रीव्ह्ज गॅब्रेल्सची गिटार तिथे इतकी किंचाळते की आधी जमलेलं वातावरण विस्कटतं, आणि आजही ते गाणं मला उपरंच वाटतं. पण एकूण आठच गाणी आहेत, पन्नास मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. भरीला म्हणून काही घातलेलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. शेवटचं 'एन्डसाँग' दहा मिनिटांच्या वर जातं. त्यात आवाज येईपर्यंत गाणं निम्म्याहून अधिक संपलेलं असतं, आणि येतो तेव्हा अंधारात चंद्राकडे बघत 'मी एवढा म्हातारा कसा झालो' असं विचारणारा माणूस समोर उभा राहतो.

आता तुम्ही लिहा.

* * *

हौस म्हणून ड्रम्स वाजवतो, त्यामुळे माझे कान आधी तिकडेच जातात. रोलिंग स्टोन्सचा 'हॅकनी डायमंड्स' ऑक्टोबर २०२३ला आला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५चा, मधला २०१६चा 'ब्लू अँड लोनसम' जुन्या ब्लूज गाण्यांचा होता. त्यांचा ड्रमर चार्ली वॉट्स २४ ऑगस्ट २०२१ला गेला. म्हणजे माझ्यासाठी हा नवा अल्बम नव्हताच, चार्लीशिवाय स्टोन्स कसे वाटतात याची परीक्षा होती.

दोन गाण्यांवर त्याचं आधी करून ठेवलेलं वादन आहे एवढं कानावर आलं होतं. कोणती दोन, हे मी बघितलं नाही. ओळखता येतं का ते बघायचं होतं. चार्लीची एक खूण आहे : उजव्या हाताने हाय-हॅट (एकावर एक बसवलेल्या दोन झांजा) वाजवताना, स्नेअरवर (करकरीत आवाजाच्या छोट्या ड्रमवर) ठोका पडतो त्या क्षणी तो हाय-हॅटवरचा हात उचलतो. बहुतेक ड्रमर दोन्ही एकदम वाजवतात. त्या उचलण्यामुळे स्नेअर एकटी, स्वच्छ ऐकू येते आणि ठेक्यात एक बारीकशी फट राहते. स्टोन्सच्या गाण्यांचा तो डुलता चालणारा ताल पुष्कळसा त्या फटीत आहे. जॅझमधून आलेला माणूस, डावी काडीही जुन्या पद्धतीने आडवी धरायचा.

बाकी गाण्यांवर स्टीव्ह जॉर्डन आहे आणि तो उत्तम वाजवतो. त्याचं नाव चार्लीनेच सुचवलं होतं, कीथ रिचर्ड्सबरोबर तो १९८०च्या दशकापासून वाजवत आलाय. पण त्याचा ठोका भरीव आहे, जागच्या जागी पडतो आणि गाण्याला पुढे ढकलतो. ऐकता ऐकता 'मेस इट अप' लागलं आणि ठेका एकदम हलका झाला. मग 'लिव्ह बाय द स्वोर्ड' सुरू झालं तेव्हा शंकाच उरली नाही. त्या गाण्यावर १९९३ मध्ये बँड सोडून गेलेला बिल वायमनही बेसवर आहे हे नंतर समजलं. जुनी जोडी एका गाण्यापुरती पुन्हा एकत्र आली होती आणि मला ती नाव न वाचता ओळखू आली. मी गाणं थांबवलं, तिथेच पुन्हा लावलं. त्या दिवशी पुढची गाणी मी ऐकलीच नाहीत.

* * *

वरच्या मित्राचं लिखाण मनापासून आवडलं, पण 'हॅकनी डायमंड्स'बद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते मांडायलाच हवं.

मला तो अल्बम पहिल्यांदा ऐकताना फार चकचकीत वाटला. निर्माता अँड्रू वॉट. बँडपेक्षा कितीतरी लहान आणि आजच्या पॉप गाण्यांत मुरलेला. त्याने प्रत्येक कोपरा घासूनपुसून लख्ख केलाय. 'अँग्री' सुरू झालं तेव्हा मला स्टोन्स ऐकू येत नव्हते, स्टोन्सच्या नावाने केलेली जाहिरात ऐकू येत होती. ज्यांच्या १९७२च्या अल्बममध्ये आवाज कधी गिटारींच्या मागे बुडतो, कोण कुठे वाजवतंय कळत नाही आणि तेच हवंसं वाटतं, त्यांना एवढी सफाई कशाला? ऐंशीच्या घरातली माणसं आहेत म्हणून कौतुक करायचं, हे मला पटत नाही. चांगलं असेल तर वय बाजूला ठेवूनही चांगलं असायला हवं.

आणि ते तसं दोन जागी आहे. 'स्वीट साउंड्ज ऑफ हेवन' सात मिनिटांचं आहे, लेडी गागा आणि स्टीव्ही वंडर सोबतीला आहेत. गाणं संपलंसं वाटतं आणि मग ते सगळे मिळून पुन्हा सुरू करतात, तो भाग खरा आहे. दुसरं शेवटचं, मडी वॉटर्सचं गाणं. याच गाण्यावरून १९६२ साली बँडने नाव घेतलं आणि ते त्यांनी स्टुडिओत मुद्रित केलं साठ वर्षांनी. फक्त गायक मिक जॅगर आणि कीथ : एक गिटार, एक हार्मोनिका, एक आवाज. सगळा अल्बम असा का केला नाही, असं मी मोठ्याने म्हणालो.

* * *

मी धागा सुरू केलेली. वरचे दोन्ही प्रतिसाद शेजारी शेजारी आले याचा मला फार आनंद झाला. एकाला पहिल्या ऐकण्यात ठेक्यातली फट सापडली, दुसऱ्याला फट कुठेच सापडली नाही म्हणून राग आला! वयाच्या मुद्द्यावर मात्र माझं थोडं निराळं म्हणणं आहे. वय बाजूला ठेवून ऐकता येतं का, याचीच मला शंका आहे. क्युअरच्या त्या शेवटच्या गाण्यात वय हाच विषय आहे. तिशीतल्या माणसाने ते गायलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं.

* * *

एसी/डीसी. 'पॉवर अप', नोव्हेंबर २०२०. जग दारं लावून बसलं होतं तेव्हाचा.

या बँडवर एकच आरोप कायम होतो, की ते पुन्हा पुन्हा तोच अल्बम काढतात. मला हा आरोप कधी समजला नाही. घरचं कोणी रोज त्याच आवाजात हाक मारतं म्हणून आपण कंटाळत नाही. 'रिअलाइज'ची पहिली रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) पडली आणि मी खुर्चीतून उठलो. बस, एवढाच माझा पहिला अनुभव, पण त्यामागे काय होतं ते सांगतो.

त्यांचा गिटारिस्ट माल्कम यंग नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला. त्याआधी स्मृतिभ्रंशामुळे तो २०१४च्या अल्बमवरही नव्हता. शाळकरी पोशाखात उड्या मारणारा अँगस सगळ्यांना दिसतो, पण बँडचा कणा मागे उभा राहून साध्या कॉर्ड्स वाजवणारा थोरला भाऊ होता. जाड तारा, कमीत कमी डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज मुद्दाम फाटका करणं) आणि हात घड्याळासारखा. त्यात बँड मोडकळीला आलेला : गायक ब्रायन जॉन्सनला ऐकू येणं धोक्यात आलं म्हणून २०१६ मध्ये दौरा सोडावा लागला, बेस वाजवणाऱ्या क्लिफ विल्यम्सने निवृत्ती घेतली. आता काही येत नाही असं धरूनच चाललो होतो. आणि ते सगळे परत आले. ऱ्हिदम गिटारवर पुतण्या स्टीव्ही, आणि सगळी गाणी अँगस व माल्कम यांच्या नावावर, कारण दोघा भावांनी आधीच्या वर्षांत साठवून ठेवलेल्या कल्पनांतून ती उभी राहिली आहेत. रिफ माल्कमच्या, हात स्टीव्हीचे. आधीचा गायक बॉन स्कॉट गेल्यावर १९८० मध्ये त्यांनी 'बॅक इन ब्लॅक' त्याच्यासाठी केला होता. हा त्यांनी माल्कमसाठी केला. शोकगीत एकही नाही. सगळी गाणी नाचायला लावणारी. भावासाठी यापेक्षा योग्य काय करणार?

* * *

ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय आहे, तेव्हा माझा अनुभव थोडा तांत्रिक होईल. मेटालिका.

सप्टेंबर २००८ मध्ये 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा गाण्यांबद्दल मत होण्याआधीच माझे कान दुखायला लागले. गाणी चांगली होती. आधीच्या 'सेंट अँगर' अल्बमच्या त्या डब्यासारख्या वाजणाऱ्या स्नेअरनंतर लांब रिफ आणि सोलो परत आले होते. पण आवाज सतत फाटत होता. असं का होतं ते सांगतो. मास्टरिंग करताना, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवताना, हळू भाग वर आणतात, जोराचा भाग दाबतात आणि मग सगळंच शक्य तितकं वर ढकलतात, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गाण्यापुढे आपलं गाणं बारीक वाटत नाही. पण डिजिटल ध्वनीला वर एक ठाम मर्यादा असते. तिथे पोचलेल्या लाटेचे शेंडे सपाट कापले जातात. ड्रमचा ठोका म्हणजे मुळात एक उंच, टोकदार शेंडाच. तो कापला की ठोक्याचा आघातच बोथट होतो, जीव जातो. हळू आणि जोरात यातलं अंतरच संपलं की मेंदूही लवकर थकतो.

हे माझंच मत नव्हतं. 'गिटार हीरो' या खेळासाठी दिलेली तीच गाणी तेवढी दाबलेली नव्हती. चाहत्यांनी दोन्ही आवृत्त्यांच्या लाटा शेजारी ठेवून फरक दाखवला, आणि पुन्हा मिक्स करा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. आवाज किती दाबावा हा तोवर स्टुडिओतला वाद होता, तो या अल्बममुळे ऐकणाऱ्यांपर्यंत आला.

म्हणून एप्रिल २०२३ मध्ये '७२ सीझन्स' लावताना मी पहिल्यांदा शब्द, चाल काहीच ऐकलं नाही. स्नेअरला हवा आहे का, बेस वेगळा ऐकू येतो का, एवढंच बघत होतो. याच बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, हे दुखणं जुनं आहे. इथे तो ऐकू आला. सर्वांत जास्त 'इनामोराटा'मध्ये. अकरा मिनिटांहून मोठं, त्यांच्या आजवरच्या गाण्यांतलं सर्वांत लांब गाणं. मध्ये सगळं खाली बसतं आणि रॉबर्ट ट्रुहीओचा बेस जवळपास एकटा चालत राहतो. मग बाकीचे हलके हलके परत येतात. एवढी मोकळी जागा हे लोक ठेवतील असं मला वाटलं नव्हतं. कान आणि मन अशी दोन्ही खूश झाली ती पहिल्यांदा तिथे.

सत्त्याहत्तर मिनिटं मात्र फार होतात. दोन-तीन गाणी सहज गाळता आली असती.

* * *

लांबीवरून आठवलं, आयर्न मेडनच्या 'सेनजुत्सू'बद्दल लिहिते. सप्टेंबर २०२१, दहा गाणी, सुमारे ब्याऐंशी मिनिटं!

मेडन मला दादामुळे कळले. त्याच्या कॅसेटवर त्यांची ऐंशीच्या दशकातली गाणी होती, चार-पाच मिनिटांची, घोडदौडीच्या ठेक्याची. आता बेस वाजवणारा स्टीव्ह हॅरिस एकटा लिहितो ती गाणी सगळी एकाच घाटाची झाली आहेत : आधी शांत गिटार किंवा बेस, मग आवाज, मग सगळे एकदम, मग वाद्यांचा लांब पल्ला, आणि शेवटी पुन्हा ती शांत गिटार. या अल्बमची शेवटची तीन गाणी अशीच आहेत आणि तिन्ही दहा मिनिटांच्या वरची. पहिल्यांदा ऐकताना 'द पार्चमेंट'मध्ये माझं लक्ष उडालं, हे सरळ सांगते.

पण त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन! २०१५ मध्ये त्याच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचं जाहीर झालं होतं. उपचार झाले, तो बरा झाला. त्या वर्षी आलेला 'द बुक ऑफ सोल्स' आजार कळण्याआधीच गाऊन झालेला होता. म्हणजे आजारानंतरचा त्याचा आवाज स्टुडिओतून पहिल्यांदा येत होता तो इथेच. मी सबंध अल्बमभर तेवढंच ऐकत होते. वरच्या सुरांत थोडी खरखर आहे, ताण दिसतो. मधल्या पट्टीत मात्र आवाज आधीपेक्षा जाड आणि उबदार झालाय. 'द रायटिंग ऑन द वॉल'मध्ये तो फार शोभतो. आणि 'हेल ऑन अर्थ'मध्ये तीन गिटार मिळून जी चाल धरतात, ती पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसली. दादाला फोन लावला आणि काही न बोलता ती चाल नुसती गुणगुणले. तोही तिकडे तेच गाणं ऐकत होता.

* * *

पिंक फ्लॉइड, 'द एन्डलेस रिव्हर', २०१४. थोडक्यात लिहितो, कारण तो मला आजही नीट समजलेला नाही. १९९३-९४ची न वापरलेली रेकॉर्डिंग्ज घेऊन, कीबोर्ड वाजवणारा रिक राइट गेल्यानंतर सहा वर्षांनी केलेला अल्बम. जवळजवळ सगळा वाद्यांचाच, शब्दांचं गाणं शेवटी एकच. पहिल्यांदा ऐकताना पुढे काहीतरी घडेल म्हणून वाट बघत राहिलो आणि काही घडलं नाही. मग एके ठिकाणी राइटने १९६९ साली रॉयल अल्बर्ट हॉलच्या ऑर्गनवर वाजवलेला तुकडा येतो. तेवढ्यासाठी तो अल्बम मी जपून ठेवला आहे.

* * *

गन्स एन' रोझेसचा 'चायनीज डेमोक्रसी' कुणीच काढला नाही? नोव्हेंबर २००८. नव्या गाण्यांसाठी १९९१पासूनची वाट. मला त्यातली गाणी वाईट वाटली नाहीत, 'देअर वॉज अ टाइम'चा शेवटचा सोलो तर अफाट आहे. पण गिटारवर स्लॅश नाही, बेसवर डफ नाही. गायक ॲक्सल एकटा आणि भोवती वेळोवेळी आलेगेलेले अनेक वादक. प्रत्येक गाण्यात इतके थर की सगळे एका खोलीत उभे राहून वाजवताहेत असं क्षणभरही वाटत नाही. धागाकर्तीने म्हटलेलं ओळखीचं शोधणं माझ्या बाबतीत शेवटपर्यंत संपलं नाही.

* * *

ब्लॅक सॅबथ, '१३', जून २०१३. गायक ऑझी, गिटारिस्ट टोनी आयोमी आणि बेसवरचा गीझर बटलर १९७८नंतर पहिल्यांदा एका पूर्ण स्टुडिओ अल्बमवर एकत्र. मूळचा ड्रमर बिल वॉर्ड नव्हता आणि ती सल शेवटपर्यंत राहिली. ड्रम्सवर ब्रॅड विल्क होता. तो ताकदीने वाजवतो, पण वॉर्डचा तो किंचित लटपटता जॅझचा डौल तिथे नाही.

मी गिटार शिकतो आहे, म्हणून आयोमीवर लिहितो. सतराव्या वर्षी कारखान्यात पत्र्याच्या यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तीच बोटं तारांवर दाबायची. प्लास्टिक वितळवून त्याने टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैल सोडून खालच्या सुरात लावल्या. हेवी मेटलचा जड, खोल आवाज काही अंशी त्या इलाजांतून आला. आणि हा अल्बम चालू असताना त्याच्यावर लिम्फोमाचे (एका प्रकारच्या कर्करोगाचे) उपचार चालले होते. 'गॉड इज डेड?' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हे माहीत होतं, त्यामुळे प्रत्येक रिफ ऐकताना मनात एकच येत होतं की हे वाजवायला या माणसाला आज किती त्रास झाला असेल. रिफमध्ये त्याचा मागमूस नाही. थकवा कुठेच नाही. आजही सराव सोडून द्यावासा वाटला की मी तेच गाणं लावतो.

* * *

इथल्या मानाने माझा बँड तरुण आहे, पण २००० साली शाळेत 'हायब्रिड थिअरी' ऐकलेल्यांसाठी लिंकिन पार्क आता जुनाच झाला. 'फ्रॉम झिरो', नोव्हेंबर २०२४.

त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ मध्ये गेला. त्यानंतर सात वर्षांनी नवी गायिका घेऊन बँड परतणार हे कळलं तेव्हा मला ते नको होतं. 'द एम्प्टीनेस मशीन' आधी आलं. गाण्याची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. पहिलं कडवं आणि पहिलं धृपद माइक शिनोडा एकटाच गातो. म्हणजे आधी ओळखीचा आवाज, ओळखीची गिटार, आपलं घर. मग एमिली आर्मस्ट्राँग येते. ती चेस्टरसारखं गायचा प्रयत्न करत नाही, तिच्या आवाजाची धार तिची आहे. तरीही ती वर चढून ओरडते तेव्हा गाण्यातली ती जागा रिकामी राहत नाही. मला रडू आलं. त्यात राग होता की बरं वाटत होतं, हे तेव्हा सांगता आलं नसतं.

अल्बम अर्ध्या तासाच्या आसपास संपतो. नाव त्यांच्या अगदी सुरुवातीच्या 'झिरो' या नावावरून घेतलेलं. 'हेवी इज द क्राउन'मधली तिची लांबलचक किंकाळी ऐकून मला २००७च्या 'गिव्हन अप'मधली चेस्टरची आठवली. ती आठवावी म्हणूनच ठेवली असणार.

* * *

मी धागा सुरू केलेली. लिंकिन पार्कच्या प्रतिसादाला एक विचारते : त्यानंतर जुनी गाणी ऐकता येतात का? मला क्युअरचा नवा अल्बम आल्यापासून 'डिसइंटिग्रेशन' निराळा ऐकू येतो. आधी ज्यात नुसती धूसर उदासी होती, त्यात आता मला तीस वर्षांनंतरचं कळतं.

* * *

ताई, ऐकता येतात, उलट आधीपेक्षा जास्त. चेस्टर गेल्यानंतर मला ती गाणी लावणंच जमत नव्हतं. प्रत्येक ओळ इशारा वाटायची. २०२३ मध्ये 'मेटिओरा'ला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी त्याचं तेव्हाचं न आलेलं 'लॉस्ट' हे गाणं काढलं, तेही मी अर्ध्यात बंद केलं होतं. 'फ्रॉम झिरो'नंतर ते पूर्ण ऐकलं. बँड थांबलेला होता तोवर ती गाणी एका मृत्यूपाशी अडकली होती. आता ती पुन्हा एका चालू असलेल्या बँडची सुरुवातीची गाणी झाली आहेत.

* * *

मी सगळं वाचून काढलं. दोन ओळी डीप पर्पलसाठी आणि मग माझ्या लाडक्या जूडस प्रीस्टकडे येतो. पर्पलचा जुलै २०२४चा अल्बम ऐकताना माझं सगळं लक्ष नव्या गिटारिस्टकडे होतं. स्टीव्ह मॉर्स आजारी पत्नीसाठी २०२२ मध्ये बाजूला झाला आणि सायमन मॅकब्राइड आला. त्याच्या गिटारमध्ये दणका आहे, ऑर्गनशी भांडण आहे, आणि पर्पलला ते भांडणच लागतं. पास!

प्रीस्टचा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' मार्च २०२४चा. गायक रॉब हॅलफर्ड तेव्हा बाहत्तर वर्षांचा. गिटारिस्ट ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे, दौऱ्यावर तो क्वचितच एखाददुसरं गाणं वाजवतो, पण बँडचा सभासद म्हणून या अल्बमवर आहे. दुसरा गिटारिस्ट रिची फॉकनर, त्याची तर २०२१ मध्ये मंचावर वाजवता वाजवता महाधमनी फाटली होती. त्याने गाणं पूर्ण केलं आणि मग त्याला शस्त्रक्रियेला नेलं. अशा माणसांचा अल्बम 'पॅनिक अटॅक'ने सुरू होतो. आधी ऐंशीच्या दशकाची आठवण करून देणारा सिंथेसायझर, मग दोन गिटार, आणि मग हॅलफर्डचा तो वरचा सूर. लागला! मी शेजारच्या खोलीतल्या मुलीला ओरडून बोलावलं. ती आली, उभ्या उभ्या ऐकलं आणि विचारलं, हा कोण मुलगा गातोय?